भाड्याचा थेंब

गेल्या वर्षी माणदेशातल्या शाळांच्या एका डिजिटल पोस्टर स्पर्धेला मी परीक्षक होते. विषय होता 'पाणी वाचवा'. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा हा कोरडा पट्टा. टँकर कधी येतो, किती खेपा करतो, कुठल्या वस्तीला आधी जातो, हे इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. म्हणून मी फार अपेक्षेनं बसले होते. पडद्यावर पहिलं पोस्टर आलं. दोन तळहात, त्यावर पृथ्वीचा गोळा, वर निळा थेंब, थेंबाला फुटलेलं हिरवं पान. दुसरं आलं. तेच तळहात, तोच गोळा, पान फक्त डावीकडं. तिसऱ्यात गोळ्याच्या जागी चकचकीत स्टीलचा नळ होता, हात तेच. अर्ध्याहून जास्त पोस्टरांत तेच दोन गोरेपान, लांबसडक बोटांचे हात. आणि मराठी माध्यमातल्या पोरांनी मथळा लिहिला होता इंग्रजीत, 'सेव्ह वॉटर, सेव्ह लाइफ'.

जिच्या पोस्टरला इतर परीक्षक पहिला नंबर देत होते, त्या आठवीतल्या मुलीला मी विचारलं, "हे हात कुणाचे गं?"

ती गोंधळली. "बाई, ते त्यातच होते."

"आणि हा थेंब?"

"तोपण त्यातच होता."

सव्वीस वर्षं मी चित्रकला शिकवते. चित्र चुकलं, फाटलं, भिजलं, घरी राहिलं, शेळीनं खाल्लं, सगळी उत्तरं ऐकली. ही सगळी उत्तरं देणाऱ्या पोरांनी चित्र काढलेलं असायचं किंवा काढायचं टाळलेलं असायचं. 'त्यातच होतं' हे उत्तर नवीन आहे आणि मला त्याची भीती वाटते. कारण ही मुलगी खोटं बोलत नव्हती, आळशीही नव्हती. तिला सांगितलेलं काम तिनं मन लावून केलं होतं. सांगितलेलं कामच निकामी होतं, आणि ते सांगणारे आपण होतो, शिक्षक.

मला संगणकाचा राग नाही. शाळेत पहिला प्रोजेक्टर आला तेव्हा त्यावर अजिंठ्याची लेणी दाखवायला मीच धावले होते. औरंगाबादेपर्यंत सहल न्यायला ज्या शाळेकडं पैसे नाहीत, त्या शाळेतल्या पोरांना पद्मपाणीचा चेहरा भिंतभर बघायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण गेल्या पाच-सहा वर्षांत 'सर्जनशील दृश्य साधनं' या नावाखाली वर्गात जे चाललं आहे, ते मुलांची नजर मारण्याचं काम आहे. हे मी विचार करून लिहिते आहे.

या साधनांची जन्मकथा मला आवडते आणि त्यांची मर्यादाही तिच्यातच सापडते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मेलनी पर्किन्स ही तरुणी विद्यापीठात शिकता शिकता इतर विद्यार्थ्यांना डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवायची. कुठलं बटण कुठं आहे हे कळेपर्यंतच मुलांचं सत्र सरायचं. यातून तिनं २००७ मध्ये शाळांना आपली वार्षिक स्मरणपुस्तकं स्वतः मांडता यावीत म्हणून फ्यूजन बुक्स काढलं आणि २०१३ मध्ये कॅनव्हा लोकांपुढं आणलं. मांडणी तयार, अक्षरं तयार, रंग तयार. आपण मजकूर बदलायचा. बचत गटातल्या बाईला पापडाच्या पाकिटासाठी लेबल हवं असतं, मंडळाला उद्याच्या रक्तदान शिबिराचा फलक हवा असतो. त्यांच्याकडं वेळ नाही, चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत. त्यांच्यासाठी तयार साचा हे वरदान आहे. पापडाचं लेबल नीट दिसलं की बाईचं काम झालं.

पण आठवीतल्या मुलीचं काम पोस्टर तयार झाल्यानं होत नाही. तिचं पोस्टर कुणी विकत घेणार नाही, कुठल्या चौकात लागणार नाही. पाणी या गोष्टीकडं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, काय घ्यायचं नि काय सोडायचं ते ठरवावं, कागदाच्या कोऱ्या पांढऱ्याला सामोरं जावं, एवढ्यासाठीच तिला पोस्टर करायला सांगायचं असतं. ती पहिली दहा मिनिटं, जेव्हा पेन्सिल तोंडात धरून पोर खिडकीबाहेर बघत असतं आणि काहीच सुचत नसतं, तोच माझा तास आहे. साचा नेमकी तीच दहा मिनिटं खातो. उरतं ते काम टायपिस्टचं.

मग हे एवढं चालतं कशासाठी? ज्यांना शाळा आतून माहीत आहे त्यांना उत्तर माहीत आहे. उपक्रम झाला की फोटो पाठवायचा असतो. केंद्रप्रमुखांच्या गटावर, पालकांच्या गटावर, अहवालात, स्टेटसला. साच्यातून निघालेलं पोस्टर मोबाइलच्या पडद्यावर झकास दिसतं. पोरानं वॉटरकलरनं काढलेल्या, पाणी जास्त झालेल्या, कोपरा दुमडलेल्या चित्राचा फोटो तसा दिसत नाही. म्हणून मुलाचं चित्र गेलं आणि साचा आला. त्यापुढची पायरी मी स्वतः पाहिली आहे. वर्गशिक्षक रात्री घरी बसून मोबाइलवर पोस्टर करतात आणि खाली मुलाचं नाव घालतात. मूल ते पोस्टर पहिल्यांदा बघतं ते बक्षीस समारंभात. याला मी चोरी म्हणते. मुलाकडून त्याचा अनुभव चोरला आणि बदल्यात प्रमाणपत्र दिलं.

या साधनांच्या चित्रांच्या कोठारात मी कितीतरी संध्याकाळी बसले आहे. इंग्रजीत 'विहीर' शोधा. गोल दगडी कठडा, वर दोन खांबांवर उतरतं लाकडी छप्पर, मध्ये बादली, असली परीकथेतली विहीर येते. आमच्याकडच्या विहिरीला पायऱ्या असतात, मोट गेली तरी तिची धाव शिल्लक असते, कडेला उंबर असतो, तळाला चार बोटं हिरवं पाणी. 'शेतकरी' शोधा, गवताची टोपी घातलेला, खांद्यावरून पट्टे आलेली विजार घातलेला माणूस येतो. 'घर' शोधा, धुराडं येतं. मराठीत शोधलं तर पुष्कळदा हाती फारसं काही लागत नाही. शिक्षक म्हणतात, एवढ्यानं काय बिघडतं, चित्रच तर आहे. बिघडतं ते हे, की ज्या मुलीनं जन्मात तसली विहीर पाहिली नाही ती शाळेत बसून शिकते की चित्रात येण्याच्या लायकीची विहीर तसलीच असते. तिच्या गावातली विहीर चित्रात येत नाही. तिचा बापही येत नाही.

वारलीचं तर मला सहनच होत नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड, वर एक ठिपका, चार काड्या हातापायांच्या. सहा वर्षांचं मूल काढू शकतं. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीत बांबूची काडी बुडवून ही माणसं पिढ्यानपिढ्या काढली गेली. जिव्या सोमा मशे यांनी तीच माणसं कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. इतकी सोपी, इतकी उघडी, हाताला आपणहून बोलावणारी कला आपल्या पदरात असताना आपण मुलांना ती कोठारातून ओढून पानावर टाकायला शिकवतो. तारप्याभोवतीचा नाच म्हणजे एक तयार चकती. ती उचला, छोटी करा, दिवाळीच्या शुभेच्छांच्या कोपऱ्यात ठेवा. ज्या मुलाचा हात ते सहज काढू शकला असता, त्या हाताला आपण फक्त ओढणं शिकवलं.

आता त्या इंग्रजी मथळ्याविषयी. पोरांना मी विचारलं, मराठीत का नाही लिहिलंत? एक मुलगा म्हणाला, "बाई, मराठी अक्षर चांगलं दिसत नाही." तो खरं बोलत होता. साच्यातली सुंदर इंग्रजी अक्षरं काढून तिथं मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात, रफार उडतो, किंवा सगळी ओळ कुठल्या तरी बेंगरूळ ठोकळा अक्षरात येते. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श शासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिकृत मानला, आणि वर्गातल्या पडद्यावर पोरांना ल दिसतो तो हिंदीचा. पण यात गरिबी आपल्या अक्षरांची नाही. ज्या विंडोजवर शाळेचा संगणक चालतो त्यातला 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. आयुष्यभर बोरू आणि ब्रश हाती धरलेला सुलेखनकार आणि कवी. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे देखणे देवनागरी टंक फुकट मिळतात. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी लिहिली की नाटक न पाहता त्याचा स्वभाव कळावा. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट रेखाकला परीक्षांमध्ये आजही अक्षरलेखन आहे. हे सगळं हाताशी असून मुलाच्या मनात मराठी अक्षर कुरूप ठरत असेल, तर दोष त्याला कधी चांगलं अक्षर न दाखवणाऱ्याचा आहे. मी त्या मुलाला जाड बोरू, काळी शाई आणि जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा दिला. 'तहान' हा शब्द त्यानं चाळीस वेळा लिहिला असेल. शेवटच्या काहींमध्ये ह ची मान कोरड्या घशासारखी आवळलेली होती. ते त्याचं त्याला सुचलं.

या साधनांच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. सगळ्या मुलांना चित्र येत नाही, त्यांचा हात वळत नाही, साधनामुळं त्यांनाही काहीतरी चांगलं केल्याचा आत्मविश्वास येतो. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. पेन्सिल धरली की घामाघूम. त्याच्या वडिलांचं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मोबाइलवर पान्यांचे, ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांचे, टायरच्या नक्षीचे फोटो काढले, संगणकावर एकेक कापून काढले आणि त्यांतून एक मोर उभा केला. पिसाऱ्याचे डोळे म्हणजे बेअरिंग. त्याला साधनानं पंख दिले हे मी मान्य करते, आनंदानं करते. पण त्या मोरातला एकही तुकडा 'त्यातच' नव्हता. दुसऱ्याच्या चित्रावर स्वतःचं नाव टाकून जो आत्मविश्वास येतो तो पहिल्याच कोऱ्या कागदाला फुटतो. मी फुटताना पाहिला आहे, आणि त्यानंतर ते मूल पूर्वीपेक्षा जास्त घाबरतं.

या सगळ्याखाली एक आर्थिक गोष्ट दडपलेली आहे, तीही सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक वर्गांत शंभरावर मुलं असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक द्यावा असं लिहिलं आहे. माझ्या ओळखीतला कलाशिक्षक निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी राहते. माझ्यासोबत एटीडी ही कलाशिक्षणाची पदविका केलेल्या दोघी आज खासगी शिकवण्या घेतात. त्या रिकाम्या जागेवर साधन बसवलं जातं. चित्रकलेच्या तासाला गणिताचे शिक्षक पडद्यावर साचा उघडतात, आणि अहवालात 'कला एकात्मिक अध्ययन' असं लिहिलं जातं. माणूस काढून साचा बसवला, एवढाच त्याचा अर्थ. आणि साधन तरी किती जणांपर्यंत पोचतं? केंद्र सरकारच्या यूडायसच्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार देशातल्या सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक आहे. आहे म्हणजे शाळेत आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, अठ्ठेचाळीस मुलं, चालू स्थितीतले सहा संगणक. बटण दाबणारी मुलं सहा, मागं उभी राहून मान उंचावणारी बेचाळीस. त्या बेचाळीस जणांच्या दप्तरात त्या वेळी कागद आणि पेन्सिल असते.

या साधनांवर मुलांची खाती उघडण्याचं प्रकरण थोडक्यात संपवते. लॉगिन करायला वय कमी पडलं की मुलाचं जन्मसाल खोटं टाकायला शिक्षकच सांगतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. कायदा बाजूला राहू द्या, मुलाला गुरुजींनी खोटं लिहायला लावलं ही गोष्टच पुरेशी वाईट आहे. आणि या ऑनलाइन घरांत ठेवलेलं काम आपलं नसतं. गूगलचा जॅमबोर्ड टाळेबंदीच्या काळात कितीतरी वर्गांचा फळा झाला होता, ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. मुलाच्या कामाची एक प्रत शाळेच्या कपाटात हवीच.

साधन असावं कसं, तर स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनासारखं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं ते घडवलं आणि २००७ मध्ये सर्वांना खुलं केलं. उघडलं की पांढरा रिकामा रंगमंच आणि एक मांजर. मांजर आपणहून काही करत नाही, मुलानं सांगितलं तरच हलतं. नको असेल तर पुसून तिथं आपलं चित्र ठेवता येतं. रंगमंच ४८० रुंद, ३६० उंच, आणि शून्य मधोमध. सातवीतल्या एकाला मांजर डाव्या कडेला न्यायचं होतं. धडपडत त्यानं आकड्याआधी वजा लावला आणि ते गेलं. ऋण संख्या त्याला त्या दिवशी कळल्या, चित्रकलेच्या तासाला. इंटरनेट नसलं तरी चालणारी त्याची आवृत्ती मिळते, आमच्याकडं तीच चालते.

त्या पहिल्या नंबरच्या मुलीकडं परत येते. स्पर्धा झाल्यावर तिच्या शिक्षकांची परवानगी घेऊन मी तिला काही शनिवार बोलावलं. पहिल्या शनिवारी फक्त कागद आणि पेन्सिल. म्हटलं, तुमच्याकडं पाणी कसं येतं ते काढ. ती बराच वेळ बसून राहिली. मग तिनं एक दगड काढला. मग एक घागर, एक प्लास्टिकचा कॅन, परत दगड. दगड कशाला, विचारलं तर म्हणाली, "ज्याची घागर घरी लागते त्याचा नंबर दगडानं लावतात." टँकर दारात येत नाही, तो गावच्या विहिरीत रिकामा होतो आणि मग बायका चहूबाजूंनी पोहरे सोडतात, हे मला तिनं समजावलं. कुणाच्या घागरीच्या गळ्याला तांबडी चिंधी, कुणाच्या बुडाला ऑइलपेंटचा ठिपका. तिची घागर तिसरी होती, पोचा आलेली. पोचा कशानं आला तेही तिनं सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

त्या चित्रांचे तिनं फोटो काढले, एकेक घागर कापून स्क्रॅचमध्ये आणली. रांग पुढं सरकवायची होती. किती घागरी भरल्यावर थांबवायची, हे तिला ठरवता येईना, म्हणून ती आईला विचारून आली. अकरा. अकरानंतर पोहऱ्यात गाळ येतो. तिनं ते अकरा आज्ञेत घातलं. बाराव्या घागरीपाशी रांग थांबते आणि थांबूनच राहते. आवाज म्हणून तिनं दोराच्या कप्पीवरचा करकराट घरच्या मोबाइलवर भरून आणला होता. संगीत 'त्यात' भरपूर होतं, तिनं ते ऐकलं आणि घेतलं नाही.

आता तर कोठारात चित्र शोधायचीही गरज उरलेली नाही. २०२२ पासून वाक्य लिहिलं की चित्र करून देणारी यंत्रं सर्वांच्या हाती आली. एका प्रशिक्षणात आम्हाला ते दाखवलं गेलं. कुणीतरी 'महाराष्ट्रातला दुष्काळ' असं लिहिलं. भेगाळलेली जमीन आणि डोळ्यांवर हाताची सावली धरून आभाळाकडं बघणारा पागोटेवाला म्हातारा आला. सभागृहात टाळ्या पडल्या. ते चित्र आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत हजारदा पाहिलेलं आहे, म्हणून तर यंत्राला ते येतं. त्यात नंबराचा दगड नाही. तांबडी चिंधी नाही. ती त्यात येणारच नाही, कारण ती अजून कुणी काढलेली नाही. ती काढण्याची पाळी ज्या मुलीची आहे तिच्या हाती आपण हे यंत्र देतो आहोत आणि त्याला भविष्यासाठीची तयारी म्हणतो आहोत.

यंदाच्या स्पर्धेचं पत्रक आलं आहे. विषय 'स्वच्छ गाव'. पोस्टर कुठल्या मापाचं हवं, कोपऱ्यात कुठलं बोधचिन्ह हवं, सारं दिलेलं. परीक्षक म्हणून माझं नाव परत आहे. मी आयोजकांना लेखी कळवलं: पोस्टरातलं प्रत्येक चित्र आणि प्रत्येक फोटो मुलानं स्वतः केलेला हवा, मथळा मराठीत हवा, सोबत कच्च्या रेखाटनाचा कागद जोडलेला हवा, आणि काम मुलानंच केलं का हे मी त्याच्याशी पाच मिनिटं बोलून ठरवीन. हे मान्य नसेल तर माझं नाव काढा. उत्तर अजून आलेलं नाही. माझ्या नववीतल्या तीन मुली काल वही घेऊन गावच्या उकिरड्यावर जाऊन आल्या. पहिल्या पानावर त्यांनी कचऱ्यात सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढली आहेत: औषधाच्या बाटल्या, युरियाची पोती, आणि एका फाटक्या फ्लेक्सचा तुकडा.